समुद्रकाकांची आठवी ओळ

एकोणीसशे एक्क्याऐंशीच्या डिसेंबरात, एका बुधवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास, चिंचवडमधल्या एका रंग बनवणाऱ्या कंपनीच्या मुख्य केमिस्टनी सरकारकडे जाणाऱ्या तक्त्यावर सही करायला नकार दिला. तक्त्यात सात ओळी होत्या. सातही खऱ्या होत्या. त्या त्यांनी स्वतः तपासल्या होत्या आणि खऱ्या आहेत हे त्यांना मान्य होते. त्यांची हरकत एवढीच होती की तक्त्यात आठवी ओळ नव्हती.

कंपनी पवनेच्या काठावर होती. नदीत पाणी सोडणाऱ्या कारखान्याला सरकारचे संमतीपत्र लागे आणि त्यासाठी सांडपाण्याच्या तपासणीचा तक्ता मुख्य केमिस्टच्या सहीने पाठवावा लागे. सही झाली नाही तर संमतीपत्र अडणार होते. संमतीपत्र अडले तर कंपनी बंद पडेल, असे वर्क्स मॅनेजर सर्वांना सांगत होते. केमिस्टसाहेब साडेतीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. तेव्हा सही करून मुकाट्याने घरी बसायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही, असे त्यांच्या हितचिंतकांचे मत होते. हितचिंतक पुष्कळ होते.

माझा थोरला भाऊ त्याच कंपनीत फिटर होता. मी त्याच्याकडे कंपनीच्या वसाहतीत राहत होतो आणि पुण्याच्या एका दैनिकाला पिंपरी-चिंचवडच्या बातम्या पाठवत होतो. केमिस्टसाहेब आमच्या शेजारच्या दारात राहत. त्यांच्या हुद्द्याला बंगला मिळत होता. बंगल्याला कौलारू छप्पर होते आणि साहेबांना गच्ची हवी होती. म्हणून त्यांनी बंगला सोडला आणि कामगारांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड केले. बंगल्यात वर्क्स मॅनेजर गेले. त्या एका बाबतीत मॅनेजर त्यांच्यावर शेवटपर्यंत खूश होते.

वसाहत त्यांना समुद्रकाका म्हणे. चिंचवडपासून समुद्र शंभराहून अधिक किलोमीटरवर आणि मधे घाट, पण काकांचे कुठलेही बोलणे तिसऱ्या वाक्याला समुद्रापाशी पोहोचे. त्यांचा जन्म कोकणातल्या एका बंदराच्या गावी झाला होता. बासष्ट साली ते नोकरीसाठी चिंचवडला आले. इथली नदी जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघून जाते हे त्यांना तेव्हा समजले, आणि त्या धक्क्यातून ते पुढे सावरले नाहीत.

मुंजीच्या पंगतीत शेजारी बसलेल्याला ते विचारत, "तुम्ही आज मोरीत जे ओतलंत ते कुठे जातं?"

शेजारी गांगरे. मग काका भाताच्या मुदीभोवती वरणाची धार नेत सांगत. पवना दापोडीला मुळेला मिळते. मुळा पुण्यात मुठेला. पुढे भीमा, पुढे कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. "आता त्या उपसागराला किती देशांचे किनारे आहेत?"

"काका, मठ्ठा वाढू?" वाढपी विचारत असे.

"वाढ. पण देश किती?"

समुद्र हा त्यांचा एक विषय. दुसरा हवा. गच्चीवर त्यांनी आठ दिशांना आठ काठ्या रोवल्या होत्या आणि प्रत्येक काठीला जुन्या धोतराचे पांढरे फडके बांधले होते. रोज संध्याकाळी ते फडकी उतरवत, कुठल्या दिशेचे किती काळे पडले ते वहीत लिहीत, आणि धुतलेली दुसरी बांधत. धुण्याचे काम काकूंकडे होते. "ह्यांचा अभ्यास आणि माझा साबण," असे काकू म्हणत, तेही तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. "वाऱ्याला गेटपास लागत नाही" हे काकांचे आवडते वाक्य होते. कंपनीच्या गेटवर कामगारांची झडती चालू असताना ते हे वाक्य मुद्दाम मोठ्याने उच्चारत.

फडके काळे झाले की ते त्या दिशेच्या कारखान्याला पत्र लिहीत. उत्तरे येत नसत. एका वर्षी सगळ्यात काळे फडके आग्नेयेचे निघाले. आग्नेयेला त्यांची स्वतःचीच कंपनी होती. त्यांनी एक त्रस्त रहिवासी या नात्याने कंपनीला रीतसर पत्र लिहिले. मॅनेजरनी ते न वाचता "मुख्य केमिस्ट यांनी उत्तर द्यावे" असा शेरा मारून खाली पाठवले. मुख्य केमिस्टनी उत्तर दिले: आपले पत्र मिळाले, विषय तपासाधीन आहे. महिनाभराने रहिवाशाने स्मरणपत्र पाठवले. मुख्य केमिस्टनी विलंबाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तिसऱ्या पत्रात रहिवाशाने लिहिले की आपल्या उत्तराने समाधान झालेले नाही, आपण टोलवाटोलवी करत आहात. हा पत्रव्यवहार कंपनीच्या फायलीत आहे. तो टाइप करणाऱ्या टायपिस्टने मला पाचही पत्रे दाखवली होती. सह्या एकाच माणसाच्या आहेत. रहिवाशाची सही जरा रागाने केलेली दिसते.

घरात त्यांचा एक नियम होता. काकूंना मिरचीची फोडणी द्यायची असली की आधी काका येऊन आमचे दार वाजवत.

"दहा मिनिटांत आमच्याकडे फोडणी आहे. खिडकी लावून घ्या."

"काका, आम्हीही मिरच्याच खातो," माझा भाऊ म्हणे.

"खा की. पण खोकला माझ्या घरातून येणार. शेजाऱ्याला आधी सांगायला नको?"

ही फोडणी पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर गेली. ते असे झाले.

ऐंशी साली शेजारच्या एका देशाच्या राजधानीत आसपासच्या देशांची बैठक भरणार होती. विषय समुद्र आणि हवा यांचे प्रदूषण, आणि त्यावर शेजाऱ्यांनी मिळून काय करावे. उद्योगांतर्फे एक माणूस पाठवायचा होता. नाव वर्क्स मॅनेजरचे गेले होते, पण त्याच आठवड्यात युनियनशी बोलणी निघाली आणि मॅनेजरना हलता येईना. त्यांच्या जागी कोण, असा प्रश्न आला तेव्हा मॅनेजरनी क्षणाचाही विचार न करता काकांचे नाव सुचवले. आठ दिवस कंपनीत पत्रे येणार नाहीत, हा त्यांचा हिशेब होता. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या पोलिसाने काकांना विचारले, "समुद्राचं काम, आणि राहता चिंचवडला?" काकांनी त्याला पवनेपासून उपसागरापर्यंत नेले. पोलिसाने चहा अर्धा टाकून शिफारस लिहून दिली.

बैठक तीन दिवस चालली. तिचे वर्णन काकांनी मला अनेकदा सांगितले आणि प्रत्येक वेळी ते सारखेच होते, म्हणून मी ते खरे धरतो. पहिला दिवस कुणाच्या धुराने कुणाचे आकाश काळे होते या वादात गेला. दुसरा दिवस समुद्रातल्या तेलाचा तवंग कुठल्या देशाचा, हे तवंगावरून ओळखता येत नाही, या मुद्द्यात गेला. हजर असलेल्यांपैकी दोन देशांचे प्रतिनिधी एकमेकांकडे पाहत नसत आणि चहाला वेगवेगळ्या दारांनी जात. तिसऱ्या दिवशी काकांनी हात वर केला आणि आपल्या बायकोची मिरचीची फोडणी सांगितली. त्या दोन देशांनाही ती ताबडतोब कळली. दोघांपैकी एकाने तर फोडणीत कढीपत्ता घालता का, असे विचारले.

अध्यक्षांनी त्यातून दोन कलमे काढली. कलम तीन: ज्या शेजाऱ्याकडे धूर, तेल किंवा सांडपाणी जाण्याचा संभव आहे त्याला आधी कळवावे. कलम चार: नमुना दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून घ्यावा आणि बाटलीच्या सीलवर दोघांनी सही करावी. बैठकीअखेर करार झाला नाही, निवेदन झाले. निवेदन कुणावरही बंधनकारक नव्हते. त्यामुळे त्यावर सर्व देशांनी आनंदाने सह्या केल्या.

ते बंधनकारक नाही, ही गोष्ट काका सोडून सर्वांच्या लक्षात आली होती.

परतल्यावर कंपनीने त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, कॅन्टीनमध्ये पेढे. मॅनेजर भाषणात म्हणाले की आपल्या कंपनीचा माणूस समुद्र वाचवून आला आहे. मी चौकटीत बातमी दिली. सत्कार बुधवारी झाला, कारण दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मागची टाकी नेहमीप्रमाणे पवनेत रिकामी झाली.

इथे गुरुवारबद्दल सांगणे भाग आहे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार आठवडाभर सारखा राहावा म्हणून सरकारने सुट्टीचे वार गावोगाव असे वाटून दिले होते. कंपनीत रंग धुतल्याचे जांभळे पाणी आठवडाभर मागच्या टाकीत साठे. टाकी भरायला आठ दिवस लागत. गुरुवारी सगळे घरी असताना ओव्हरटाइमवर आलेला एक पंपवाला ती नदीत सोडून देई. सरकारी तपासनीस इतर दिवशी आला तर पाणी स्वच्छ. गुरुवारी आला तर गेट बंद, आणि तो "कारखाना बंद, विसर्ग नाही" असा शेरा लिहून परत जाई. दोन्ही शेरे खरे असत. हे कंपनीत सर्वांना माहीत होते. काकांनाही होते. पाणी शुद्ध करणारी टाकी बांधावी असे टिपण ते दर एप्रिलमध्ये वर पाठवत, आणि ते "पुढील वर्षी पाहू" असा शेरा घेऊन दर मे महिन्यात खाली येई.

निवेदन हाती आल्यावर काकांनी टिपण पाठवणे बंद केले. त्यांनी कंपनीला एक देश ठरवले आणि नदीच्या खालच्या अंगाच्या वस्तीला दुसरा.

दुसऱ्या देशातर्फे आबा होता. आबा तिथल्या जुन्या घराण्यातला, साठीचा, काळ्या म्हशी आणि एक पांढरा खिल्लार बैल बाळगून. गुरुवारी नदीवर नेलेल्या म्हशींचे काही दिसत नसे. बैल मात्र गुडघ्यापर्यंत जांभळा होऊन परते आणि शुक्रवारी गावभर तसाच हिंडे. आबा त्याला घेऊन दोनदा कंपनीच्या गेटवर आला होता. गेटवाल्याने बैलाची आवक नोंद होत नाही म्हणून परत पाठवले होते.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास काकांनी कॅन्टीनमध्ये दोन्ही देशांची बैठक बोलावली. सत्काराची शाल अजून नवी होती, त्यामुळे मॅनेजरना नाही म्हणता आले नाही. टेबलाच्या एका बाजूला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला आबा, मधे काका. मी बातमीदार म्हणून कोपऱ्यात.

"ह्ये दोन देश म्हंजी आमी आन् कंपनी व्हय?" आबाने विचारले.

"हो. तुम्ही खालच्या अंगाचे," काका म्हणाले.

"आन् च्या कुनाच्या देशाचा?"

"कंपनीचा," मॅनेजर हसून म्हणाले.

"मंग घ्येतो." आबाने कप जवळ ओढला. "सायेब, गुरवारी आमचा बैल जांभळा हुतो."

"आबा, गुरुवारी कंपनी बंद असते."

"कंपनी बंद असती. पानी चालू असतंय."

"बंद कंपनीतून पाणी येईल कसं? तुम्हीच सांगा."

"त्येच इचारायला आलोय न्हवं."

मॅनेजर जुने, मुरलेले होते. त्यांनी कलम चार तत्काळ मान्य केले. रोज दोघांनी मिळून नमुना घ्यायचा, सीलवर कंपनीची आणि आबाची सही. अर्थात कामाच्या दिवशी. गुरुवारी सही करायला कंपनीचा माणूस कुठून आणणार? काकांनी तेही मान्य केले. जेवढे ठरते तेवढे आधी अमलात आणावे, असे त्यांचे म्हणणे होते.

शुक्रवार ते बुधवार सहा बाटल्या भरल्या. सहाही निर्मळ निघाल्या. आबा रोज सही करायला येई आणि रोज म्हणे, "ह्ये पानी मलाबी ठावं हाय चांगलं हाय ते." काकांनी तक्त्यात सहा ओळी भरल्या आणि कंपनीला एक नोटीस दिली. पुढच्या गुरुवारी सकाळी आपण व आबा नदीच्या पात्रात, कंपनीच्या पाइपच्या तोंडाशी, नमुना घेणार आहोत. कलम तीनप्रमाणे आपणास आधी कळवत आहोत.

त्या गुरुवारी दोघे पात्रात उभे राहिले. पाइपमधून थेंब आला नाही. नदी काचेसारखी होती. बैल पांढरा राहिला.

"तुमी त्यास्नी सांगून आलाव?" आबाने विचारले.

"हो. लेखी. आठ दिवस आधी."

"मंग पानी कसं येईल?"

"येणार नाही."

"मंग उपेग काय झाला?"

"पाणी आलं नाही, हाच."

आबा बैल घेऊन निघून गेला. वसाहतीत दोन दिवस हा किस्सा चालला. माझ्या भावाचे मत असे पडले की परदेशात जाऊन आलेल्या माणसाचे असेच होते. तिसऱ्या दिवशी काकांनी पुढच्या गुरुवारची नोटीस दिली. मग त्याच्या पुढच्या. त्यांनी हे भाबडेपणाने केले की टाकी भरायला आठच दिवस लागतात हे लक्षात ठेवून केले, ते मी त्यांना दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी कलम तीन वाचून दाखवले.

कसेही असो, आता आठवड्यात नमुना न घेतला जाणारा एकही दिवस उरला नाही. मॅनेजरनी तोडगा काढला. दिवाळीनंतर टाकीचे पाणी नदीत जाईनासे झाले, ठेकेदाराच्या टँकरमध्ये जाऊ लागले. टँकर गुरुवारी सकाळी निघे आणि भोसरीवरून चाकणच्या रस्त्याला लागे. तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. कारखान्याचे पाणी तिकडे कशाला जाईल, असे कोणाच्या मनात येण्यासारखे नव्हते. पवना स्वच्छ झाली. तक्त्यात सातवी ओळ आली: गुरुवार, निर्मळ. मॅनेजरनी माझ्या दैनिकाला त्याचे प्रसिद्धिपत्रक पाठवले. शेजारधर्माचा आदर्श, असा मथळाही त्यांनीच सुचवला होता.

टँकरचा पत्ता लागला तो आबामुळे. त्याची मुलगी त्याच रस्त्यावरच्या, इंद्रायणीकाठच्या एका गावात दिली होती. ती माहेरी आली आणि बैलाच्या पांढऱ्या पायांकडे पाहत म्हणाली की ह्याचा जांभळा रंग आता आमच्या ओढ्याला आलाय, कपडे धुवायला दोन कोस लांब जावं लागतं. आबा तसाच उठून वसाहतीत आला. काकांनी त्याला पाणी दिले, आणि वहीत पवनेच्या शेजारी इंद्रायणी काढली. ती तुळापूरला भीमेला मिळते. भीमा पुढे कृष्णेला. "त्याच समुद्रात," काका म्हणाले. "फक्त लांबच्या रस्त्याने."

आता तो बुधवार. प्रसंगाला तिघे हजर होते: काका, टायपिस्ट आणि मॅनेजर. पहिल्या दोघांनी मला सारखेच सांगितले. तिसऱ्यांनी बोलण्यास नकार दिला.

"यातली एक तरी ओळ खोटी आहे का?" मॅनेजरनी विचारले.

"नाही."

"मग?"

"आठवी नाही."

"केमिस्टसाहेब, आठवडा सात दिवसांचा असतो."

"टँकरची ओळ कुठे आहे?"

"टँकर ठेकेदाराचा आहे."

"पाणी?"

"गेटच्या बाहेर पडलं की तेही ठेकेदाराचं."

"मग ओढ्यात पडलं की ओढ्याचं," काका म्हणाले, "भीमेत भीमेचं, आणि समुद्रात कुणाचंच नाही. तिथेही तीन दिवस हेच चाललं होतं. फक्त जेवण बरं होतं."

मॅनेजरनी तक्ता उचलला आणि सांगितले की सही डेप्युटी केमिस्ट करतील, निवृत्तीपर्यंत आपण रजेवर गेलात तरी चालेल. काकांनी टायपिस्टकडून एक कागद टाइप करून घेतला. उद्या गुरुवारी आपण टँकर जिथे रिकामा होतो तिथे जाऊन नमुना घेणार आहोत, कलम तीनप्रमाणे कळवत आहोत. तो त्यांनी आवक विभागात दिला. आवक कारकुनाने शिक्का मारला, पाच वाजून पाच मिनिटे. मॅनेजर पाचला निघून गेले होते.

संध्याकाळी माझा भाऊ आणि पाळीतले आणखी चौघे त्यांच्या दारात उभे राहिले.

"काका, सही टाका की," भाऊ म्हणाला. "कंपनी बंद पडली तर आम्ही जायचं कुठं? तुमचं काय, तुम्ही रिटायर."

"तुझी पोरं पवनेत पोहतात?"

"आता पोहतात."

"गेल्या वर्षी का नव्हती पोहत?"

"अंगाला खाज यायची."

"ओढ्यावर पण पोरं असतील ना रे?"

भाऊ म्हणाला, "असतील. पण ती आमची नाहीत." मग तो चपला घालून निघून गेला. इतरही गेले. त्या दिवसापासून इमारतीतल्या काही घरांनी काकूंशी बोलणे सोडले. काकूंनी फोडणीची सूचना देणे सोडले नाही.

गुरुवारी सकाळी काका, आबा आणि मी एसटीने त्या गावी गेलो. आबाची मुलगी ओढ्यावर आली. अकराच्या सुमारास टँकर आला. ड्रायव्हर मराठवाड्याचा, तरुण, गळ्यात मफलर. त्याने पाइप ओढ्यात सोडला, कॉक उघडला आणि मग आमच्याकडे पाहिले.

"काय करायलेत हो काका?"

"नमुना घेतोय," काका दोन बाटल्या धुत म्हणाले. "तुझी सही लागेल."

"माझी? मला कामून?"

"दोन्ही बाजूंची लागते. कंपनीकडून इथे दुसरं कोण आहे?"

"म्या कंपनीचा न्हाई. ठेकेदाराचा हाय."

"पाणी कुणाचं आहे?"

"पाणी कंपनीचं."

"मग कंपनीतर्फे कर."

ड्रायव्हरने विचार केला. त्याला विचारायला कुणी नव्हते. कंपनीला सुट्टी होती, टेलिफोन ऑपरेटरही घरी होता, आणि सूचनेचे पत्र मॅनेजरच्या टेबलावर शुक्रवारची वाट पाहत होते.

"मला आजवर कुणी सही मागितली न्हाई," तो म्हणाला. "अंगठा चालतो का?"

"सही येते ना?"

"येते की. सातवी पास हाय."

त्याने दोन्ही बाटल्यांच्या सीलवर पूर्ण नाव लिहिले, खाली गाडीचा नंबरही घातला. गावातर्फे आबाच्या मुलीने सही केली. ती होईपर्यंत टँकर रिकामा झाला होता. ड्रायव्हरने कॉक बंद केला आणि आम्हाला मोशीपर्यंत सोडले.

शुक्रवारी काकांनी एक बाटली पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत जमा केली. दोन्ही पक्षांच्या सह्या असल्याने तिथल्या कारकुनाला ती नाकारता आली नाही. त्याने तसा प्रयत्न केला होता. त्याच दिवशी डेप्युटी केमिस्टच्या सहीचा सात ओळींचा तक्ता दुसऱ्या खिडकीवर जमा झाला. दोन्ही कागद एकाच फायलीत लागले. संमतीपत्राच्या अर्जावर "बाटलीचा अहवाल येईपर्यंत थांबवावे" असा शेरा पडला. तो मी पाहिला आहे. ड्रायव्हरला ठेकेदाराने दुसऱ्या गाडीवर घातले. टँकरच्या खेपा बंद झाल्या. कंपनी बंद पडली नाही. रंगाचे एक खाते दोन महिने अर्ध्या पाळीवर चालले आणि माझा भाऊ तेवढे दिवस दुसऱ्या खात्यात होता.

बातमी मी दिली होती. ती छापून आली नाही. मॅनेजरचे प्रसिद्धिपत्रक त्याआधी छापून आले होते, आणि एकाच कंपनीची बातमी लागोपाठ दोनदा देऊ नये, असे संपादकांचे म्हणणे पडले.

फेब्रुवारीत बाटलीचा अहवाल आला आणि कंपनीने पाणी शुद्ध करायच्या टाकीचे काम काढले. भूमिपूजन मॅनेजरच्या हस्ते झाले. काकांना निमंत्रण होते. ते गेले नाहीत, नारळ मात्र काकूंनी घरी आलेला ठेवून घेतला.

ब्याऐंशीच्या एकतीस मार्चला काका निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला नाही. दुपारी चारला त्यांनी प्रयोगशाळेच्या किल्ल्या डेप्युटींना दिल्या आणि मागच्या अंगाने बाहेर पडले. तिथे नव्या टाकीचा खड्डा पुरुषभर खोल गेला होता आणि त्याला पाणी लागले होते. पाणी उपसायला पंप लावला होता. पंपाचा पाइप नदीत सोडलेला होता. काकांनी खिशातून बाटली काढली, पाइपच्या तोंडाशी भरली, सील लावले आणि मागच्या दारावरच्या रखवालदारापुढे धरली. रखवालदाराने सही केली.